केस काप, मग ये!



गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका तरुणाने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं, दहा-बारा वर्षं वस्तीत काम करतो आहोत, व्यासपीठावर मिळाली संधी की बोलतो आहोत. तरीही एका तेवीस वर्षांच्या पोरासमोर आमची बोलती बंद झाली. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे. त्यात आमची स्वतःचीही झाडाझडती आहे.

आधी घटना सांगतो. हा पोरगा औरंगाबादचा, बी.कॉम. झालेला. बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो, घरात दोन लहान बहिणी. पोरगा भीमगीतं गातो. एप्रिल महिन्यात त्याच्या पार्टीला एक रात्र मोकळी नसते. केस खांद्याच्या खाली आलेले, चार वर्षं वाढवलेले, रोज तेल लावून नीट बांधलेले. स्टेजवर उभा राहिला की केस मोकळे सोडायचा आणि पहिली तान घ्यायचा. लहान पोरं त्याची नक्कल करायची.

त्याला एका दुचाकीच्या शोरूममध्ये काउंटरवरच्या कामासाठी बोलावलं होतं. मुलाखत चांगली झाली. बोलणं चांगलं, हिशेब पक्का, मराठी-हिंदी दोन्ही साफ. शेवटी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं, "बाकी सगळं ओके आहे. हे केस तेवढे काप, मग ये. सोमवारपासून जॉइन हो."

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. "दादा, काय करू?"

आम्ही त्या वेळी शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरत होतो. लॅपटॉपवरून मान वर न करता आम्ही म्हणालो, "काप की! केस परत येतील, नोकरी परत यायची नाही."

त्याने केस कापले. नोकरी लागली. महिना साडेअकरा हजार. आम्हाला बरं वाटलं. आमच्या वहीत "नोकरी लागलेले" या रकान्यात एक नाव वाढलं.

दोन महिन्यांनी तो परत आला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाला, "दादा, आमच्या शोरूमचं सोशल मीडिया बघायला एक सर आहेत. मालकाच्या नात्यातले. त्यांचे केस माझ्यापेक्षा लांब आहेत. वर बुचडा बांधतात. काउंटरच्या शेजारीच बसतात, कस्टमरच्या समोर. मालक त्यांची ओळख करून देताना म्हणतात, हा आमचा आर्टिस्ट. मग मलाच का कापायला लावले?"

आम्ही म्हणालो, "अरे, मालकाचा नातेवाईक आहे तो."

तो हसला. म्हणाला, "म्हणजे केसांचा नियम नव्हताच, दादा."

मित्रांनो, आम्हाला निरुत्तर केलं ते या वाक्याने. नियम केसांचा नव्हता. मग कशाचा होता? आणि त्या दिवशी आम्ही मान वर न करता "काप की" असं का म्हणालो?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपण आधी आपल्या घरात बघायला शिकलो आहोत.

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ पोतराज होते. लहानपणीच मरीआईला सोडलेले. कमरेला खणांच्या चिंध्या, पायात घुंगरं, हातात आसूड आणि कमरेपर्यंत केस. त्या केसांना कात्री लावायची मुभा नव्हती, कारण ते केस त्यांचे नव्हतेच, देवीचे होते. स्वतःच्या पाठीवर आसूड ओढायचा आणि गावाने टाकलेल्या पसाभर दाण्यावर जगायचं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या गावातल्या लोकांनी देव्हारे रिकामे केले. त्या दिवसांत या थोरल्या आजोबांनी केस कापायचं ठरवलं. गावचा न्हावी हात लावायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच एका जाणत्या माणसाने मेंढरं कातरायची कात्री मागून आणली आणि लिंबाच्या झाडाखाली बसवून ते केस उतरवले. आजोबा सांगायचे, केस खाली पडले तसा भाऊ स्वतःच्या मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला. मान इतकी हलकी असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ही गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. आमच्या घरात लांब केस म्हणजे पोतराजपण, म्हणजे अंधश्रद्धा, म्हणजे गावकी. आखूड कापलेले, नीट विंचरलेले केस म्हणजे शाळा, नोकरी, माणूसपण. आमच्या वडिलांनी आम्हाला कधी कानावर केस येऊ दिले नाहीत. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दाखवून ते म्हणायचे, "बघ, साहेब कसे राहायचे."

त्यामुळे आमच्या तोंडून "काप की" निघालं, त्यामागे फक्त नोकरीचा हिशेब नव्हता. तीन पिढ्यांची भीती होती आणि तीन पिढ्यांचा अभिमानही होता. वस्तीतले वडीलधारे पोरांच्या केसांवरून ओरडतात, तेव्हा त्यांना जुनाट म्हणून उडवून लावू नका. आपल्या लोकांना न्हाव्याच्या खुर्चीवर बसण्यासाठीसुद्धा लढावं लागलं आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये साताऱ्यातलं आपलं बालपण सांगितलं आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसे होते, पण अस्पृश्यांच्या केसांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. घरातल्या पोरांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. ज्या समाजाने आपल्याला केस कापण्याचा हक्क नाकारला, त्याच समाजात टापटीप केस कापून हिंडणं हे आपल्या आजोबा-पणजोबांसाठी बंड होतं.

आता कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. बाबासाहेबांनीही महाडला राहणी बदलायला सांगितलं होतं. शोरूमवाला तेच सांगतोय.

इथेच आम्हाला थांबायचं आहे, कारण नेमकी इथेच गल्लत होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं उंच नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. हातापायांतले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. का सांगितलं? कारण लुगडं किती उंच नेसायचं आणि अंगावर कुठला धातू घालायचा, यावरून बाईची जात दुरून ओळखू येत होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असा नियमच आहे. माणसाच्या अंगावर त्याची जात लिहून ठेवायची ही व्यवस्था होती. महाडच्या बायकांनी ते लिखाण पुसलं. आणि स्वतःच्या हाताने पुसलं.

एम.ए.ला आम्हाला एम. एन. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण शिकवलं. खालची जात वरच्या जातीच्या रीती उचलते आणि वर सरकायला बघते, असा तो सिद्धांत. काही लोक महाडही त्याच खात्यात टाकतात. आम्हाला हे कधी पटलं नाही. ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली, तिथे वरच्यांसारखं होण्याची हौस कशी असेल? तिथे मागणी होती ती आमच्या शरीरावर काय असावं हे आम्ही ठरवू, याची. थोरल्या आजोबांनी लिंबाखाली केस उतरवले तेही याच हक्काने. केस देवीचे नाहीत, गावाचे नाहीत, माझे आहेत; म्हणून मी ते कापतो.

शोरूमच्या साहेबांनी हा हक्क दिला नाही, काढून घेतला. एकाच कात्रीचे हे दोन वापर आहेत. आजोबांची कात्री मुक्तीची होती, कारण निर्णय त्यांचा होता. आमच्या पोराची कात्री हुकमाची होती. निर्णय दुसऱ्याने घेतला, पोराने तो पाळला आणि आम्ही, त्याचे दादा, त्या हुकमावर शिक्का मारला. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

आता पहिला प्रश्न. नियम केसांचा नव्हता, तर कशाचा होता?

आजूबाजूला बघा. लांब केसांचा पुरुष जाहिरात कंपनीत असेल तर तो क्रिएटिव्ह. चित्रपटाचा दिग्दर्शक असेल तर मनस्वी. स्टार्टअपचा मालक असेल तर कूल. मठात असेल तर महाराज, त्याच्या जटांना लोक पाया पडतात. आणि आपल्या वस्तीतला पोरगा असेल तर टपोरी. नाक्यावर पोलिसांची गाडी थांबली की आधी त्यालाच बोलावतात. सोसायटीच्या गेटवर रखवालदार त्यालाच अडवतो, जरी तो तिथे पार्सल द्यायला आलेला असतो. केस तेच, लांबीही तीच. फरक पडतो तो केसांखालच्या चेहऱ्याने, रंगाने, पत्त्याने आणि आडनावाने.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दिए सांगतो की राहणी, आवडनिवड, बोलण्याची ढब हेही एक भांडवलच असतं. पैसेवाल्याने नियम मोडला तर ती त्याची शैली ठरते. गरिबाने मोडला तर ती बेशिस्त ठरते. आपल्या देशात त्याला जात जोडली की चित्र पूर्ण होतं. शोरूममधल्या 'आर्टिस्ट'च्या बुचड्यामागे मालकाचं नातं उभं होतं. आमच्या पोराच्या केसांमागे फक्त त्याचा गळा होता, आणि तो शोरूममध्ये कुणाला नको होता.

"हा तुमचा संशय आहे, खाजगी क्षेत्रात जात कुठे असते," असं म्हणणाऱ्यांसाठी दोन अभ्यास आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत पुढची बोलावणी कमी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली भागातल्या कंपन्यांमध्ये माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. हे अधिकारी जातीचं नाव घेत नव्हते, "फॅमिली बॅकग्राउंड" विचारत होते. आपण फक्त गुणवत्ता बघतो, असंही तेच सांगत होते. जात अशीच काम करते. ती स्वतःच्या नावाने येत नाही. कधी ती पार्श्वभूमी म्हणून येते, कधी "प्रेझेंटेबल" म्हणून, तर कधी "हे केस तेवढे काप" म्हणून.

आम्ही असं म्हणत नाही की त्या साहेबाने पोराची जात ओळखून मुद्दाम केस कापायला लावले. ते आम्हाला माहीत नाही आणि सिद्धही करता येणार नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की नियम सगळ्यांना सारखा नव्हता. आणि असा नियम नेहमी खालच्याच मानेवर पडतो.

आपण एकटेच यातून गेलेलो नाही. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाबतीत काय झालं ते वाचा. १९०२ च्या जानेवारीत त्यांच्या कारभाराचे सरकारी आयुक्त विल्यम जोन्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. पुरुषांचे लांब केस हे सुधारणेच्या आड येतात, ते कापायला लावा. जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना कामावरून काढा, जे शिधा घेतात त्यांचा शिधा थांबवा, असा मार्गही त्याच पत्रात सुचवला होता. केस किंवा भाकरी! त्या माणसांची जमीन आधीच गेली होती, मुलं सरकारी वसतिगृहात नेऊन त्यांचेही केस कापले होते. बापाच्या डोक्यावर उरलेले केस तेवढे शिल्लक होते.

कृष्णवर्णीयांचंही तेच. २०१० साली अलाबामा राज्यात एका कृष्णवर्णीय तरुणीला देऊ केलेली नोकरी ड्रेडलॉक्समुळे काढून घेतली गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ साली ती हरली. केसांची ठेवण बदलता येते, वर्ण बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नाही, असा कोर्टाचा तर्क होता. पण कृष्णवर्णीय समाज गप्प बसला नाही. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने 'क्राऊन अ‍ॅक्ट' नावाचा कायदा केला. केसांच्या नैसर्गिक पोतावरून आणि त्याला जोडलेल्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करणं हा वंशभेदच आहे, असं त्या कायद्याने मान्य केलं. पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरकडे बघून दलित पँथर उभी केली. तेव्हा त्यांच्याकडून आवेश घेतला, आता ही चिकाटीही घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? इथे खोटी आशा दाखवणार नाही. समतेचा आणि अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. खाजगी शोरूमच्या मालकाला कलम १९ दाखवून फारसा उपयोग नाही. सैन्यासारख्या सेवांत तर सर्वोच्च न्यायालयाने शिस्तीचे नियम उचलून धरले आहेत. दाढी ठेवल्यामुळे सेवेतून काढलेल्या हवाई दलाच्या एका जवानाचं अपील २०१६ च्या डिसेंबरमध्ये फेटाळलं गेलं. पण तिथे नियम निदान लिहिलेला असतो. भरती होण्याआधी माणसाला तो कळतो. दुसऱ्या बाजूला, १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या संदर्भात म्हटलं, की आपली लिंगओळख पोशाखातून, वागण्यातून व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे शरीर कसं मिरवायचं हा प्रश्न घटनेच्या बाहेरचा नाही, एवढं तरी पक्कं झालं आहे.

आणि एक कायदा आपण विसरलो आहोत. १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा. हा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. त्याचं मर्म साधं आहे. मालकाने नोकरीच्या अटी लेखी द्याव्यात, त्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्याव्यात आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत कारखान्यात लावाव्यात. मालकाच्या तोंडी मर्जीवर कामगाराने जगू नये, हा त्यामागचा विचार. मूळ कायदा शंभर कामगारांपासून लागू होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. पंचवीस-तीस माणसांच्या शोरूमला यातलं काहीच लागू नाही, आणि आपली बहुतेक पोरं अशाच ठिकाणी, ठेकेदारामार्फत, कामाला लागतात. "केस काप, मग ये" हे वाक्य तोंडी असतं, ते याच कारणाने. त्याचा कागद कुठेच नसतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, खैरलांजीसारखी प्रकरणं घडतात, शिष्यवृत्त्या रखडतात, भरती बंद आहे, आणि तुम्ही केसांवर लेख लिहिता? आम्हीही काल-परवापर्यंत असंच म्हणत होतो. पण २०१७ साली गुजरातमध्ये दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाली, तेव्हा तिथल्या पोरांनी फोनवर मिशीचे फोटो लावून निषेध केला होता. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा मोबाईलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन खून झाला. मिशी काय, रिंगटोन काय, वरवर बघितलं तर किरकोळ गोष्टी. आपण किरकोळ म्हणतो त्याच गोष्टींवर समोरचा माणूस आपली पायरी ठरवतो. आज केस. उद्या म्हणतील, मनगटातला निळा धागा काढ. परवा म्हणतील, कस्टमरसमोर जय भीम म्हणू नको. केस कापायला सांगणारे सगळेच तिथपर्यंत जातील असं नाही. पण "हो" म्हणायची सवय आपल्याला लागते, आणि ती केसांपाशी थांबत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे. वाळूजच्या कारखान्यात ड्रिल मशीनवर मोकळे केस म्हणजे मरणाला आमंत्रण. पण त्याच कारखान्यात बायका काम करतात. त्यांचे केस कमरेपर्यंत असतात. त्यांना कुणी केस कापून या म्हणत नाही. बांधा आणि टोपीत घाला, म्हणतात. स्वयंपाकघरातही जाळी असते. जो उपाय बाईला चालतो तो पुरुषाला का चालू नये? कारण मुद्दा सुरक्षिततेचा राहिलेला नसतो. पुरुषाने पुरुषासारखं दिसावं आणि नोकराने नोकरासारखं दिसावं, हा असतो.

त्या दिवसानंतर आम्ही काय बदललं, तेही सांगतो.

आता कुणी पोरगा असा प्रश्न घेऊन आला की आम्ही लॅपटॉप बंद करतो. त्याला चार गोष्टी विचारतो. नियम लेखी आहे का? तो सगळ्यांना लागू आहे का, की फक्त तुला? केस बांधून, टोपी किंवा जाळी घालून काम भागेल का? आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: तुला काय वाटतं? पोट हातावर असेल आणि त्याने कापायचं ठरवलं, तर आम्ही म्हणतो, बिनधास्त काप, मान खाली घालू नको. तुझी मजबुरी ही तुझी लाज नाही. नाही कापायचं ठरवलं, तर आम्ही त्याच्यासोबत जातो.

सोबत जाऊन दर वेळी जिंकतो असं नाही. एका सुरक्षारक्षकासाठी आम्ही ठेकेदाराला पत्र दिलं. नियम लेखी दाखवा, असं लिहिलं. ठेकेदाराने नियम दाखवला नाही, पोराचं नाव यादीतून काढलं. त्याच्या घरी जाऊन आम्ही त्याच्या आईची माफी मागितली. ती माउली म्हणाली, "तुमच्या पत्रानं माझ्या घरची चूल पेटत न्हाई, बाबा." ती खरं बोलत होती. तेव्हापासून पोराला आणि त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय आम्ही एकही कागद पुढे करत नाही. लढाईची किंमत जो भरणार, निर्णय त्याचाच. एका रुग्णालयात मात्र जमलं. सफाईच्या कामावरच्या पोराला कापायला सांगितलं होतं. आम्ही सुपरवायझरला शांतपणे विचारलं, की इथल्या मावश्या जाळीची टोपी घालतात, हा घालेल तर चालेल ना? तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "चालेल की. हे आमच्या डोक्यातच आलं नाही." कधी कधी एवढंच असतं. समोरच्याच्या डोक्यात आलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

एक जुनी आठवण इथे महत्त्वाची आहे. १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यामागे सत्यशोधक चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्या हातात वस्तरा होता त्या हातांनीच तो खाली ठेवला. आणि त्याच्याही फार आधी, कपिलवस्तूच्या शाक्य तरुणांसोबत उपाली नावाचा न्हावी बुद्धांकडे गेला. आपला कुळाचा अभिमान उतरावा म्हणून त्या तरुणांनी उपालीला आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे त्यांना त्याला वंदन करावं लागलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ही दीक्षा आवर्जून सांगितली आहे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संघाचे नियम, म्हणजे विनय, याच उपालीने सांगितला. जन्मभर दुसऱ्यांचे केस कापणाऱ्या माणसाकडे आपल्या परंपरेने नियमांचं राखण दिलं. नियमांना आपला विरोध कधीच नव्हता. भिक्खूही मुंडन करतो, पण तो स्वतःहून संघात येतो, आणि संघात राजपुत्राचं मुंडन आणि भंग्याचं मुंडन सारखंच होतं.

मालकांनाही आमचं एवढंच सांगणं आहे. नियम करा, लिहून करा, सगळ्यांना सारखा करा, कामाशी जोडून करा. मग आपण बोलू.

तो पोरगा अजून त्याच शोरूममध्ये आहे. यंदाच्या जयंतीला आमच्या चौकात त्याची पार्टी होती. आखूड केसांनीच उभा राहिला. सवयीने मानेला झटका दिला, मागे केस नव्हते, आणि त्याने पहिली तान घेतली. आवाज तोच होता. कार्यक्रमानंतर भेटला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय. त्या दिवशी चुकलो आम्ही."

तो म्हणाला, "लिहा दादा. पण माझं नाव नका टाकू, नोकरी आहे."

म्हणून नाव टाकलेलं नाही.

जय भीम!